दोन्ही कागदांत नसलेली होडी

भिवंडीजवळच्या वळ गावात एका गोदामात मी डिस्पॅच सांभाळते. तिथे ड्रायव्हर आणि हमाल हमरीतुमरीवर आले की मला हाक मारतात. ट्रक मागे घेताना माल फुटतो. ड्रायव्हर म्हणतो हमालांनी खोका आपटला, हमाल म्हणतात गाडीच धडकली. दोघांकडून लिहून घ्यायचं आणि त्यावरून तिसरा, शेवटचा कागद मी तयार करायचा. पहिल्याच आठवड्यात आमच्या साहेबांनी शिकवलं होतं, "मॅडम, दोघांच्या कागदात जे सारखं असेल तेवढंच तिसऱ्यात घ्या. आणि दोघांच्याही कागदात जे नाही, ते चुकूनसुद्धा लिहू नका. फाईल अडकते." इतकी वर्षं झाली, माझी एक फाईल अडकली नाही. ड्रायव्हरसुद्धा म्हणायचे, "मॅडम, आपही लिखो, आपका लिखा चलता है." केवढा तोरा होता मला त्याचा, काय सांगू!

त्या तोऱ्यातच मी माती खाल्ली.

माझा धाकटा भाऊ बोटीवर खलाशी आहे, मालवाहू बोटीवर. आमच्या घराण्यात त्याच्याआधी कुणी समुद्रावर गेलं नव्हतं. आई अजून त्याला विचारते, "आरं, तिकडं रस्ता कसा समजतो रं?" दोन वर्षं एजंटच्या ऑफिसात खेटे घालून त्याला ती नोकरी लागली होती. त्यामुळे ती टिकावी म्हणून आम्ही दोघीही जीव मुठीत धरून असायचो.

एके दिवशी सकाळी गोदामात नुकती पहिली गाडी लागली होती आणि त्याचा व्हॉइस मेसेज आला. चांगला चार मिनिटांचा. त्यांची बोट एका चिंचोळ्या समुद्रातून चालली होती. पुढे एका देशाची युद्धनौका होती आणि समोरून दुसऱ्या देशाच्या गस्ती बोटी सुसाट आल्या. या दोन देशांचं हाडवैर सगळ्या जगाला ठाऊक आहे. भाऊ तेव्हा दुर्बीण घेऊन पहाऱ्याच्या ड्युटीवर होता. दोन-तीन मोठे आवाज झाले, युद्धनौका गर्रकन वळली. या सगळ्याच्या मध्ये एक मासेमारीची छोटी होडी होती, कडेला निळी पिंपं बांधलेली. ती उलटली. कुणाच्या लाटेनं, ते त्याला कळलं नाही. पाण्यात दोन माणसं होती, त्यातला एक जण पिंपाला धरून. भावानं आपल्या ऑफिसरला हाक मारली, पण ऑफिसर दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत सगळं धुरकटलं होतं. त्यांची बोट मदतीला वळली नाही. "ताई, मी पाहिलं गं," तो म्हणत होता. "दोन होते. मी मोजले."

दोन दिवसांनी कंपनीनं फर्मान काढलं. त्या वेळी ड्युटीवर असलेल्या प्रत्येकानं काय पाहिलं ते लेखी द्यायचं. ऑफिसरनं याला बाजूला घेऊन गोड शब्दांत समजावलं, की बाकी कुणी पाहिलं नाही ते तू एकटा लिहिलंस तर चौकशी लागेल, बोट बंदरात अडकेल आणि पुढच्या वेळी तुला कोण घेईल? भावानं मला फोन केला. "ताई, तुझा हात बसलाय रिपोर्टवर. तूच नीट इंग्रजीत लिहून दे. पण त्या दोघांचं घाल हां."

घाल म्हणाला होता तो. हे मला मुद्दाम इथे लिहायचं आहे.

तोवर दोन्ही देशांची अधिकृत निवेदनं नेटवर आली होती. मी त्यांच्या प्रिंट काढल्या आणि जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या. अगदी ड्रायव्हर-हमालाचे कागद ठेवते तशा. एक देश म्हणत होता, आमची नौका खुल्या समुद्रात होती, त्यांच्या बोटी अंगावर आल्या, आम्ही हवेत इशारा दिला. दुसरा म्हणत होता, ती नौका आमच्या हद्दीत घुसली, आम्ही हटकलं तेव्हा ती पळाली आणि गोळीबार मुळी झालाच नाही. पाणी कुणाचं यावरसुद्धा एकमत नाही! पार शेवटी एक वाक्य मात्र दोघांचं जुळत होतं. या घटनेत कुणालाही इजा झालेली नाही.

खोटं कशाला बोलू, ते वाक्य सापडल्यावर मला हायसं वाटलं. तेच मी भावाच्या कागदात उतरवलं. सगळा मिळून नऊ ओळींचा कागद, सुबक, कुठे बोट ठेवायला जागा नाही. होडी दोन्ही कागदांत नव्हती, म्हणून तिसऱ्यातही आली नाही.

त्यानं वाचून लगेच फोन केला. "ताई, त्या दोघांचं कुठाय?"

"अरे बाबा, दोन-दोन सरकारं सांगतायत कुणाला काही झालं नाही, तू कोण मोठा टिकोजीराव लागून गेलास? एवढ्या धुरात भास झाला असेल. सही कर आणि तो मेसेज उडव. मीही उडवते."

आईही घरून त्याच कॉलवर होती, ती म्हणाली, "आपला पोरगा सुखरूप हाय ना? मंग झालं."

तो "बरं" म्हणाला. लहानपणापासून माझा शब्द खाली पडू देत नाही तो. त्यानं मेसेज उडवला, मीही उडवला आणि गार झालेला डबा खाल्ला. सगळा खाल्ला, याचीच आता शिसारी येते.

फाईल अडकली नाही. भावाची नोकरी टिकली. मी मात्र रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी अडखळायला लागले. खोटं न बोलण्याचं शील ते. बाकीच्या बायका पुढे जायच्या आणि मी नुसते ओठ हलवायची.

काही महिन्यांनी फोनवर एक बातमी दिसली. त्या किनाऱ्यावरच्या दोन बायका आपल्या नवऱ्यांना शोधत होत्या. हे सरकार म्हणे त्यांना विचारा, ते सरकार म्हणे यांना विचारा. त्या सकाळी तिथून गेलेल्या बोटींवरच्या कुणीतरी, एकानं तरी, पाहिलं असेल तर सांगा, एवढीच त्यांची विनवणी होती. सोबत होडीचा फोटो होता. कडेला निळी पिंपं.

मी मच्छीमारांच्या संघटनेला मेल केला, की पाहिलेला माणूस माझ्या ओळखीचा आहे. लगेच उत्तर आलं. नाव नको, फक्त त्याचे शब्द पाठवा. त्याचे शब्द! ते तर मीच पुसून टाकले होते.

भाऊ सुट्टीवर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी मी त्याला समोर बसवलं. आई पडघ्याला मावशीकडे गेली होती. फोटो दाखवला. "चुकले रे मी," म्हटलं. "आता खरं ते लिहू. नोकरी गेली तर जाऊ दे, मी आईला तोंड देईन. तू फक्त सांग, तेव्हा सांगितलंस तसं."

त्यानं फोटो मोठा करून पाहिला, बारकाईनं. मग म्हणाला, "ताई, कंपनीनं तीनदा विचारलं. मी तीनही वेळा तुझ्या नऊ ओळी म्हणून दाखवल्या. आता डोळे मिटले की मला रिकामं पाणी दिसतं."

"अरे, दोन माणसं होती! तूच मोजली होतीस!"

"असतील," तो म्हणाला. तो चिडला नव्हता, तो चिडला असता तर बरं झालं असतं. "तेव्हा तू म्हणालीस नव्हते, मी मानलं. आज तू म्हणतेस होते, तेही मानतो. पण त्या बायकांना मी काय पाहिलं ते हवंय ना, ताई? ते मी आता कुठून आणू?"