‘जा’ म्हणायचं नाही!

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की जर्मनीत कायमचं राहायला मिळणं हे चांगली नोकरी, पगार किंवा अक्कल यांवर अवलंबून नसतं. ते एका अक्षरावर अवलंबून असतं. ते अक्षर म्हणजे ‘जा’.

जर्मन भाषेत ‘जा’ म्हणजे ‘हो’. (पुस्तकी उच्चार ‘या’ असा आहे, पण आमच्या मराठी जिभेवर तो लिहिल्याप्रमाणे ‘जा’च होतो, आणि इथल्या लोकांनाही तो कळतो.) हे मला माहीत आहे, माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, माहीत आहे, आणि सासूबाईंनाही आम्ही दहा वेळा सांगितलं होतं. पण त्या कोथरूडहून फ्रँकफर्टला आल्या तेव्हा मी घरूनच काम करत होते, आणि दिवसभर फोनवर ‘जा, जा, गेनाऊ, जा’ चालू. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, “सकाळपासून कुणाला हाकलतेयस गं?”

त्यांच्या घरात बाहेर पडताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. आणि इथे सून उठल्यापासून साऱ्या जर्मनीला ‘जा’ सांगत होती!

अशात परदेशी लोकांच्या कचेरीतून बोलावणं आलं. माझ्या नोकरीवर आम्ही ब्लू कार्ड नावाच्या तात्पुरत्या परवान्यावर इथे राहत होतो. आता त्याच नोकरीच्या जोरावर कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळायचा होता. तो मिळाला की नोकरी सुटली तरी घर सुटणार नव्हतं. (आमच्या कंपनीत माणसं कमी करायचं घाटत होतं, हे मी सासूबाईंना सांगितलं नव्हतं. मिलिंदने सांगितलं होतं.)

निघताना सासूबाईंनी माझ्या हातावर दही-साखर ठेवली आणि बजावलं, “कायमचं राहायला मागायला चाललीयस ना? मग तिथे तोंडातून ‘जा’ काढायचं नाही. माझी शपथ आहे.”

शहाण्या बाईने इथे हसून विषय बदलला असता. पण मी जर्मनची बी-वन परीक्षा पास झालेली बाई! (मिलिंद दुसऱ्या खेपेला पास झाला, हे मी कुणालाही न विचारता सांगते.) मी तोऱ्यात म्हटलं, “आई, ‘हो’ म्हणायला मला जर्मनमध्ये पन्नास शब्द येतात.”

सासूबाई पहारा द्यायला माझ्या आणि मिलिंदच्या बरोबर आल्या.

कचेरीतल्या बाई मोठ्या गोड होत्या. कागद चाळत त्यांनी विचारलं, अजून त्याच कंपनीत आहात ना? मी म्हटलं, “गेनाऊ.” म्हणजे अगदी बरोबर. पेन्शनचे हप्ते नियमित भरलेत? “नातुर्लिश.” अर्थातच! घर सगळ्यांना पुरेसं आहे? इथे मी ‘झेल्ब्स्टफरश्टेंडलिश’ हा शब्द काढला. त्याचा अर्थही ‘अर्थातच’ असाच आहे, पण तो म्हणेपर्यंत चहा गार होतो. मी विजयी मुद्रेने मागे पाहिलं. सासूबाईंनी मान डोलावली.

पुढच्या तीन-चार प्रश्नांत माझे पन्नास शब्द संपले. (खरं तर ते सहाच होते.) मग मी मान हलवायला लागले. आपली मराठी मान! ती हो म्हणतेय की नाही, हे घरच्यांनाही कळत नाही. बाईंनी बिचकून मिलिंदकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून, लहान मुलाला विचारावं तसं एकेक शब्द सुटा करत विचारलं, “तुम्हाला. जर्मनीत. कायमचं. राहायचंय?”

डोक्यात एकच शब्द घुमत होता आणि नेमका त्यालाच शपथेचं कुलूप! तोंड उघडलं आणि दुसराच शब्द बाहेर पडला.

“फिलाइश्ट.”

फिलाइश्ट म्हणजे ‘कदाचित’.

मिलिंदने टेबलाखालून लाथ मारली. बाईंनी कीबोर्डवरचे हात उचलले आणि त्या हळुवारपणे म्हणाल्या, की तुम्हाला प्रश्न समजत नाहीयेत. तुमची भाषा पुन्हा तपासावी लागेल, तोवर परवान्याचं राहू द्या. साधं ‘जा’ की ‘नाइन’, एवढंच तर विचारतेय मी.

“काय म्हणतेय ती?” सासूबाईंनी मिलिंदला विचारलं. त्याने सांगितलं. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. पुढच्या क्षणी त्या खुर्चीतून उठल्या आणि आयुष्यभर पाळलेला नियम मोडून माझ्यावर ओरडल्या.

बाईंना त्या वाक्यातला एकच शब्द कळला, पण त्यांना हवा होता तो नेमका तोच. त्या खुदकन हसल्या. मी तर नंतर इतक्या वेळा ‘जा’ म्हणाले, की त्यांनीच मला हात करून थांबवलं. आज ते कार्ड माझ्या पर्समध्ये आहे. कुणी विचारलंच, तर मी ‘बी-वनच्या जोरावर मिळालं’ असं सांगते, आणि मग मिलिंद चारचौघांत सासूबाईंची हुबेहूब नक्कल करतो:

“अगं, जा म्हण बाई, नाहीतर जावं लागेल!”