सात मिरच्या आणि सव्वाशे पाय

"अप्पा मैदानात वाट चुकले, ढोलांना घाबरले आणि जीव मुठीत धरून पळत सुटले!"

ही हकीगत आमचे स्नेही वसंतराव गेली दोन वर्षे अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावातल्या प्रत्येक पंगतीत वाढत आहेत. या वाक्यात 'अप्पा' एवढा एकच शब्द खरा आहे. माझ्या मुठीत जीव नव्हता. मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या होत्या.

माझी नात मैथिली ढोलपथकात वाजवते. पुण्याच्या मिरवणुकीतले पथक मनात आणू नये. येथे सव्वाशे मुले ढोल, पितळी वाद्ये आणि निशाणे घेऊन फुटबॉलच्या मैदानावर वाजवत वाजवत आकृत्या रचतात, आणि दर उन्हाळ्यात नवा खेळ बसवून गावोगावच्या स्पर्धांना जातात. पहिल्या खेळाआधी तिची दृष्ट काढणे हे माझ्या पत्नीचे, सुमतीचे, काम. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये इस्पितळातल्या खाटेवरून तिने मला शेवटची आज्ञा केली ती हीच.

"यंदा पोरीची दृष्ट तुम्ही काढायची. सात वेळा ओवाळायचं. मध्ये बोलायचं नाही, आणि विस्तवात टाकायला जाताना मागे वळून बघायचं नाही. तुम्हाला काही जमायचं नाही म्हणा!"

दोन दिवसांनी ती गेली. (वाद अर्धवट टाकून जाण्याची तिची ही पहिलीच वेळ.) मैथिली आली, कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली आणि परत जाऊन ढोल बडवू लागली. त्यानंतर तिने आजीचे नाव काढले नाही. माझ्याशीही ती हवामानापलीकडे बोलेना.

पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी माझा मुलगा शिरीष मला आणि वसंतरावांना सराव पाहायला घेऊन गेला. आभाळ भरलेले होते.

"अप्पा, लांबूनच बघायचं हं. मैदानात नाही जायचं."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर बरं होतं. उचलून तरी आणलं असतं!"

समोर मुले एकच चाल दहा-दहा वेळा घोटत होती. उंच मनोऱ्यावर उभे असलेले त्यांचे गुरुजी दर वेळी कर्ण्यातून ओरडत, "अगेन!" की सगळी मुले आपापल्या खुणेवर जाऊन पुतळ्यासारखी उभी. मैथिली शेवटच्या रांगेत, माझ्यापासून वीस पावलांवर. दृष्ट काढायला ती अशी स्थिर उभी पुन्हा मिळायची नाही! शिरीष कॉफी आणायला वळताच मी खिशातले मीठ, मोहरी आणि मिरच्या मुठीत घेऊन आत गेलो.

दोन वेळा ओवाळून झाले आणि तिसऱ्या फेरीला ताल सुरू झाला. पुतळे चालू लागले!

"आजोबा! व्हॉट आर यू डूइंग? प्लीज, गो!" मैथिली दातांतून पुटपुटली.

मी बोलणार कसा? ती तिरकी चालली, मी तिच्याभोवती गोल चाललो. दोन निशाणे माझ्या डोक्यावरून गेली. एक झांज कानाशी फुटली.

"सर! सर, गेट ऑफ द फील्ड!" कर्णा गरजला.

मी मौन सोडले नाही. (चाळीस वर्षे मोटारींचे ब्रेक बनवलेल्या माणसाला थांबता येईना, हे वसंतराव फार रंगवून सांगतात.)

सातवी फेरी संपली. आता विस्तव! मैदानाच्या टोकाला गोलच्या खांबांपाशी पालकांनी जेवणासाठी शेगडी पेटवली होती. मी मागे न पाहता सरळ चालत गेलो आणि मूठ शेगडीत रिकामी केली.

वारा मैदानाच्या दिशेने आहे, हे मी पाहायला हवे होते.

आधी तुताऱ्यांची रांग खोकली. मग झांजा. मग कर्ण्यातून खुद्द गुरुजी! हवेत एक सूर उरला नाही, नुसता ठसका. शिरीष दोन्ही हातांत कॉफी घेऊन धावत आला.

"अप्पा, काय केलंत हे! उद्या शो आहे! काढून टाकतील ना तिला!"

 बायकोची आज्ञा पाळता पाळता मी पोरीचा उन्हाळा जाळला होता.

मैथिली ढोलासकट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"सात वेळा केलंत?"

"सात."

"आजी नेहमी सातच करायची," ती म्हणाली आणि हुंदका देऊन माझ्या खांद्यावर कोसळली. ढोलाची कडा माझ्या बरगडीत रुतली.

"रडू नकोस, बाळ."

"इट्स जस्ट द स्मोक, आजोबा."

धूर केव्हाच विरला होता. ते मी निदर्शनास आणले नाही. (आयुष्यात प्रथमच.)

तिला काढले नाही. मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. मला मात्र त्या उन्हाळ्यापुरती मैदानबंदी झाली.

राहिला वसंतरावांचा 'पळत सुटले' हा आरोप. प्रत्येकाचे पाऊल तपासण्यासाठी हे पथक सरावाचे चित्रण मनोऱ्यावरून करते. ती फीत मैथिलीने मला पाठवली असून ती कोणीही येऊन पाहावी. पळणाऱ्याचे पाय तालात पडत नसतात. फितीत सव्वाशे डावे पाय एकाच ठोक्याला जमिनीवर पडतात, आणि त्याच ठोक्याला माझाही पडतो. दिशा तेवढी उलटी आहे.