नुसतं पाहायचा पास

वरवट बकालच्या पुंजाजीला गावानं कधी शहाणा म्हटलं नाही, आणि वेडा म्हणावं तर त्याची वांगी फार चांगली यायची. वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालू लागला, पुंजाजीची मोट मात्र आपल्याच चालीनं चालत राहिली. तो मोट हाकायचा, बायको मनकर्णाबाई वाफ्यांत पाणी वळवायची. मधूनच पाठ सरळ करून ती उत्तरेकडं पाही. तिकडं सातपुडा. गावातून पाहिलं तर निळीच्या बोटानं ओढलेली एक रेघ.

"जवळून बी निळाच असंन काहो थो?" हा तिचा प्रश्न लग्नाइतकाच जुना. पुंजाजीचं उत्तरही तेवढंच जुनं, "वांगे सरू दे, जाऊ."

वांगी काही सरली नाहीत. सरले ते मनकर्णाबाईचे डोळे. डॉक्टरनं दिवा धरून पाहिलं आणि काचबिंदू म्हणून सांगितलं. डावा गेलेलाच होता, उजवा फार तर दिवाळीपर्यंत. आताच तिला बांबूच्या नळीतून पाहावं तसं दिसत होतं; मधलं तेवढं दिसे, भोवतालचं सगळं बुडालेलं.

पुंजाजीनं वांगी वाफ्यातच सोडली.

गावानं सल्ले दिले. जमीनदार अर्जुनराव दर उन्हाळ्यात चिखलदऱ्याला हवा खायला जात, त्यामुळं प्रवासातलं त्यांना कळे. "डोयेच चालले तं तिले काशी दाखव बे. झाडं काय दाखवतं? बांधावर नाईत का?"

"तिले देव नाई पाह्यचा मालक. डोंगर पाह्यचा हाय."

पण डोंगर सरकारी होता. राखीव जंगल, पासाशिवाय पाऊल टाकायची सोय नाही. जंगल खात्याच्या रेंज कचेरीत पुंजाजी तीनदा गेला. पास सहा प्रकारचे होते. लाकडाचा, बांबूचा, गवताचा, मोहाचा, डिंकाचा आणि चराईचा.

"काय आणणार?" बाबूनं विचारलं.

"काई नाई साहेब."

"मग काऊन जातं?"

"पाहाले."

"काय पाहाले?"

"झाडं."

बाबूनं टाक खाली ठेवला. लाकडाला जाणारा लाकूडच चोरतो; काहीच आणत नाही म्हणणारा काय चोरील, याचा भरवसा नाही.

"साहेबलोक जाते नं वाघ पाहाले," पुंजाजी म्हणाला.

"थे पाहाले नाई जात, माराले जाते. त्याचा पास अलग हाय."

तिसऱ्या खेपेला पुंजाजीनं डोळ्यांचं सांगितलं, तेव्हा बाबू विरघळला. "म्हैस हाय तुयाजवळ? नसंन तं पैदा कर. चराईचा देतो." असं म्हणून त्यानं खरंच भरून दिला.

म्हैस अर्जुनरावांची. भुरी नाव, रंग कोळशाचा. "मी चिखलदऱ्याले, माही म्हैस सातपुड्याले," अर्जुनराव हसले. "घरी आता फक्त गडीच राह्यला."

एक मुक्काम करून दुसऱ्या सकाळी ते दोघं म्हशीसकट जंगलाच्या नाक्याशी पोचले. आदल्या दुपारपासून मनकर्णाबाईनं पदर डोळ्यांवर ओढला होता आणि म्हशीचं शेपूट धरून ती चालत होती. अर्धामुर्धा डोंगर तिला नको होता. "आत गेल्यावरच पाहीन. एकदम."

नाकेदारानं पास वाचला. "म्हैस एक, गुराखी एक. हे बाई कोन?"

"बायको हाय."

"पासावर बायको नाई."

पुंजाजीनं हात जोडले, डोळ्यांचं सांगितलं, बरोबर आणलेली पाटीभर वांगी पुढं केली. नाकेदार माणूस वाईट नव्हता. वांगी त्यानं परत केली. "साहेब फेरीवर हाये. माही नोकरी जाईन बुवा. एकच जाईन आत. आन् दिवस बुडाच्या आत भाईर."

पुंजाजी थोडा वेळ कागदाकडं पाहत राहिला. वाचता येत नव्हतं तरी.

"मंग गुराखी हेच," तो म्हणाला.

"हिले दिसते का?"

"म्हशीले दिसते."

मनकर्णाबाई शेपूट धरून आत गेली. वळणापर्यंत तिचं लुगडं दिसलं, मग नुसती घंटा. घंटाही विरली, तेव्हा पुंजाजीच्या ध्यानात आलं की भाकरीचं गाठोडं आपल्याच खांद्यावर आहे. तो नाक्यावरच्या आडव्या बांबूपाशी धावला.

"पाय आत टाकू नको हं," नाकेदार म्हणाला.

बांबू कंबरेएवढा होता. एवढ्या उंचीचे बांध पुंजाजी रोज ओलांडायचा. तो तिथंच बसला.

"वाघ हाय काहो आत?" दुपारी त्यानं विचारलं.

"हाय. पन त्याच्याजवळ बी पास नाई." नाकेदारानं चिलीम पुढं केली. पुंजाजीला ओढवेना. गाठोडंही सुटेना.

दिवस कलला तेव्हा घंटा आली. भुरी मानेपर्यंत चिखलात माखलेली, मागं मनकर्णाबाई. लुगडं ओलं, केसांत वाळकं पान.

"होता का निळा?"

"आतून डोंगर दिसतच नाई," ती भाकरी मोडत म्हणाली. "आत गेलं का झाडंच. म्हैस डबक्यात बसली, उठेचना. तिथं एक झाड. त्याले हात लावत लावत गोल फिरली, बावीस हात भरलं. आपल्या आज्याच्या आज्याच्या पयलेचं असंन."

"आन् निळं?"

"निळं आपलं गाव होतं. झाडाच्या फटीतून खाली पाह्यलं तं सारा मुलूख निळा. वरवट बी."

हे तिला दिसलं की सुचलं, हे पुंजाजीला विचारवलं नाही.

दिवाळीआधीच उजवाही गेला. पुढल्या उन्हाळ्यात पुंजाजी पुन्हा कचेरीत गेला, एकट्याचा पास मागायला. ते रान नवी झाडं वाढावी म्हणून दहा वर्षांसाठी बंद झालं होतं, चराईलाही.

आता विहिरीवर बाया जमल्या की मनकर्णाबाई जंगल सांगते. झाड बावीस हातांवरून तीस हातांवर गेलंय. पुंजाजी मोट थांबवून, दोन्ही धड डोळ्यांनी, त्या निळ्या रेघेकडं पाहत उभा राहतो.

"खरं हाय काहो पुंजाजी?" बाया विचारतात.

"मले काय मालूम? पास एकाचाच होता."