गोधडीनं तोडलेलं पाणी

ओल्या गोधडीचा वास आला की मला छावणीजवळची माझी भाड्याची खोली आठवते. एकदा तिथला नळ आटला म्हणून घरमालकीण काकूंनी प्लंबर बोलावला. गच्चीवरच्या टाकीचा कॉक कुणीतरी बंद केलाय म्हणत त्यानं तो उघडला आणि निघून गेला. "तूच फिरवला असशील, त्याच्या फेरीचे तीनशे तूच दे," काकू म्हणाल्या. माझा पारा चढला. आम्ही भांडत असतानाच नळ पुन्हा आटला! मी धावत गच्चीवर गेले, तर कॉकच्या दांडीला काकूंचीच कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली, अन् दोरीवर निथळणारी त्यांची जड गोधडी. तिच्या वजनानं दांडी पुन्हा फिरली होती; प्लंबरनं घाईत दोरीकडं पाहिलंच नव्हतं. "काकू, चोर सापडला, वर या!" मी आनंदानं ओरडले. त्या धापा टाकत आल्या, पाहिलं आणि खो खो हसत सुटल्या. "अगं बया, माझ्याच गोधडीनं तुझं पाणी तोडलं व्हय!" पुढे मी खोली सोडली तेव्हा त्यांनी तीच गोधडी माझ्या हातात कोंबली. आज ती धुऊन वाळत घातलीय, कॉकपासून लई लांब.