मंगल पानावरचा विराम

माझी सूनबाई वैदेही ओसरीच्या उन्हात एक जपानी कादंबरी वाचत होती. तिच्या आवडत्या रहस्यमय व्हिडिओ गेमची ही पूर्वकथा. गेममध्ये वृद्ध गुप्तहेराचा प्रारंभीच खून होतो. या पुस्तकात मात्र तो अजून हयात आहे.

शेवटचे प्रकरण उरले आणि तिने पुस्तक मिटले. "बाबा, हे संपलं की ते गुप्तहेर मरायलाच निघणार. मी नाही वाचत!"

"अगं, पोथी वाचताना दुःखाच्या प्रसंगावर कधी थांबू नये. मंगल प्रसंग गाठावा, मगच विराम घ्यावा," मी म्हणालो.

"पण पुढे मंगल काही नाहीच!"

"मग मागे जा. पाने काय पळून गेली?"

ती खुदकन हसली. श्रीकृष्णाचे निर्याण ठाऊक असूनही गोकुळातले लोणी आपल्याला कधी कमी गोड लागले आहे का?

तिने अखेरचे प्रकरण वाचले, डोळे पुसले, आणि मागचे एक पान काढून मला मराठीत सांगू लागली. त्या गुप्तहेराच्या नवख्या शिष्येने कॉफीत साखरेऐवजी मीठ घातले आहे. गुरू ती थेंबभरही न उरवता पितात आणि म्हणतात, "उद्याही तूच कर."

तिथे आम्ही थांबलो.