‘पानी’ लिहिलेली कॅसेट

हे बघ गं बाय, जरा निवांत बस आणि मुकाट्याने वाच. नायगावच्या त्या टॉवरमध्ये राहायला गेलीस म्हणजे काय परदेशात गेलीस? गणपती झाले, दिवाळी झाली, वहिनी कशी आहे ते बघायला आलीस का? फोनवर नुसतं "येते, येते", आणि कुकरची शिट्टी झाली की "ठेवते गं". पण तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. तू एक गोष्ट मागितली होतीस आणि मी ती पुढे ढकलत होते. ते सगळं आज लिहून टाकते.

आई गेली, म्हणजे माझी सासू, तुझी सख्खी आई, तेव्हा दहाव्याला मागच्या पडवीत तू माझा हात धरून विचारलंस, "वहिनी, तिचा आवाज आहे का गं कुठे?" मी छातीठोकपणे म्हटलं, "आहे. माझ्या कपाटात आहे." आपली आई धवलारीण. लग्नातले विधी तिच्या गाण्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. लोक चार गावांतून तिला घ्यायला यायचे. माझ्या मोठ्याच्या लग्नात ती शेवटची गायली, आणि नेमकी तेव्हा तू बाळंतीण. ते तू ऐकलंच नाहीस.

ह्यांनी त्या लग्नासाठी कॅमेरा घेतला होता, पट्ट्यात हात अडकवून धरायचा, काडेपेटीहून जरा मोठ्या कॅसेटीचा. पुढे तो बिघडला, हेही गेले, आणि चार कॅसेटी माझ्या साड्यांच्या घडीत राहिल्या. लावणार कशावर? तू दोनदा विचारलंस, मी दोनदा "करून घेते" म्हटलं. तिसऱ्यांदा तू विचारलंच नाहीस. तेच मला जास्त लागलं.

शेवटी मी कॅसेटी घेऊन स्टेशनजवळच्या फोटोवाल्याकडे गेले. तो साताऱ्याकडचा, बोलायला गोड. म्हणाला, "मावशी, पेनड्राइव्हवर घ्या. डीव्हीडी आता कोण लावतं?"

"मी लावते," म्हटलं. "टीव्हीखाली प्लेयर आहे आणि त्याची बटणं मला येतात. तुमच्या पेनड्राइव्हसाठी मला नातवाच्या हातापाया पडावं लागेल."

आठ दिवसांनी गेले तर दुकानात त्याची बायको होती. तिने पाकीट दिलं. घरी येऊन बघते तर डीव्हीडी तीनच. म्हटलं, दोन कॅसेटी एकीवर बसवल्या असतील. पहिलीत हळद. दुसरीत आपण सगळे कळंबला समुद्रावर गेलो होतो ते. ह्यांनी कॅमेरा बंदच केला नव्हता, त्यामुळे पाऊण तास वाळू आणि ह्यांच्या चपला. तिसरीत जेवणाची पंगत. तिथे आई दिसते बघ, तोंड हलतंय, पण बँडच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नाही. तिन्ही परत लावल्या. गाणं नाही.

वाटलं, ह्यांनी आईच्या गाण्यावरच ती वाळू घेतली. आता तुला काय सांगू? छातीठोकपणे बोलून बसलेली मी.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. फोटोवाल्याने शटर वर केलं, मला बघितलं आणि खणातून चौथी कॅसेट काढली. तिला रबर लावून ठेवलेलं.

"ही केली नाही मावशी. बायकोला सांगून ठेवलं होतं, ती विसरली. भिजलेली टेप मशीनमध्ये घातली की मशीनच जातं."

"भिजली? माझ्या कपाटात कुठून भिजली?"

"तुम्हीच लिहिलंय की वर." त्याने कॅसेट पुढे केली. ह्यांच्या अक्षरात मोठं लिहिलेलं, पानी. "मला वाटलं, पावसात तुमच्या घरात पाणी शिरलं असणार."

मला एवढं हसू आलं की त्याच्या स्टुलावर बसावंच लागलं. अगं, ह्यांचं शिक्षण कितीही झालं तरी लिहायचे तसेच, घरात बोलतात तसं. हळदीवर ‘हलद’, कळंबवर ‘कलंब’. आणि ही लग्नाच्या पाण्याची कॅसेट. विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, त्याचं आईने गायलेलं सगळं हिच्यातच. मी त्याला तसं सांगितलं.

"मग ‘लग्नाचं’ तरी लिहायचं, मावशी. आणि बाणातला ‘ण’ काढायचा ना."

"आमच्या गावात तो ‘ण’ कोणी वापरत नाही. तुमच्या साताऱ्यालाच ठेवा."

त्याने कॅसेट नाकाजवळ नेऊन वास घेतला, उजेडात धरली, ओल नाही म्हणाला आणि मशीनमध्ये घातली. आधी निळा पडदा, मग आडव्या रेघा. मी पदर मुठीत धरलेला. मग विहिरीचा काठ दिसला, बायकांचे हंडे दिसले, आणि आईचा आवाज आला. जरा घोगरा, पण सरळ, श्वास न मोडणारा. मधेच गाणं थांबवून ती कोणाला तरी म्हणते, "हलू चाला गं, घसराल," आणि जिथे सोडलं तिथून परत धरते. फोटोवाल्याने आवाज मोठा केला. बाहेर झेरॉक्सला आलेली दोन माणसं थांबून ऐकत राहिली.

तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो म्हणे. बसले मी. डीव्हीडी झाल्यावर तो म्हणाला, आता ती ‘बंद’ करावी लागते, नाहीतर दुसऱ्या प्लेयरवर लागत नाही. म्हटलं, बंद करा आणि तुमच्या प्लेयरवर लावून दाखवा, मी आता नुसत्या पाकिटावर विश्वास ठेवत नाही. लागली. परत येताना रिक्षात मला इतकं हलकं वाटत होतं की माझा फाटा मागे गेला तरी कळलं नाही.

दोन प्रती केल्यात, एक तुझी. पण ती मी कोणाबरोबर पाठवणार नाही, आणि घरी आणल्यापासून लावलेलीही नाही. तुझ्या आईचं गाणं तुझ्याआधी मी एकटीने किती वेळा ऐकू? या रविवारी सकाळीच ये, जावईबापूंनाही आण. जेवण इथेच.