मी न दिलेल्या चार भेटी

अंगात येणं, बाहेरचं लागणं, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. असून चालणारही नाही. आर्णीपासून बारा किलोमीटरवरच्या आमच्या गावात मी चौदा वर्षं आशाताई म्हणून काम करते, आणि भगताकडे निघालेल्या बाया वाटेतून परत फिरवून दवाखान्यात पोचवणं हे माझं अर्धं काम. जीभ तिखट आहे, त्यामुळे भगतसुद्धा मला वचकून असतो. तेव्हा हे लिहिताना लाज वाटते आहे... पण मी भुताखेतांची गोष्ट सांगते आहे म्हणून नाही. कारण वेगळं आहे.

नाल्यापलीकडच्या शेवटच्या घरात सोनाली राहते. नवरा, सासू आणि चार वर्षांची मुलगी. ही मुलगी झाली तेव्हा सोनालीचे फार हाल झाले होते. दवाखान्यात दीड दिवस कळा, अंगावर ओरडणारी माणसं, आणि मग इतका रक्तस्राव की सगळ्यांनी आशा सोडली होती. ती वाचली, पोरगी धडधाकट निघाली, त्यामुळे घरच्यांच्या मते विषय संपला. पण दुसऱ्यांदा दिवस गेले आणि मी नोंदणीला गेले, तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "मी दवाखान्यात नाई येत ताई. मरीन तं घरीच मरीन."

आणि घरी बाळंतपण होऊन पुन्हा तसंच रक्त गेलं असतं, तर ती खरंच मेली असती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या, तिला धाक दाखवू नका. दर मंगळवारी जा, नुसतं बसा, तिला बोलू द्या. जरा मोकळी झाली की यवतमाळला समुपदेशक मॅडमकडे नेऊ.

पहिल्या मंगळवारी मी गेले. ती हळूहळू बोलायला लागली. म्हणाली, पोरगी जवळ आली की ते सगळं आठवतं, कधी कधी तिला हातही लावावासा वाटत नाही. एवढं ऐकलं आणि मी उठलेच. लसीकरण आहे, असं सांगून निघाले. त्या दिवशी लसीकरण नव्हतं.

पुढचे चार मंगळवार मी तिकडे फिरकले नाही. रजिस्टरमध्ये मात्र लिहिलं — गृहभेट दिली, मातेशी बोलले, धीर दिला. महिन्याच्या बैठकीच्या आदल्या दिवशी, राहून गेलेल्या भेटी घरी बसून भरून टाकायच्या, हे आमच्यात नवीन नाही. चार तारखा, चार ओळी, एका दमात.

त्यानंतर अंगणवाडीत तपासणीचा दिवस होता. सोनाली आपण होऊन आली. तोंडावर तेज होतं, वजन वाढलं होतं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "ताई, मी यवतमाळले येतो. तुमी मंगळवारी म्हनलं, तसं त्या मॅडमशी बोलून पाह्यतो."

मला वाटलं, हिचा घोळ होतो आहे. दुसरं कोणी गेलं असेल. पण ती चारही मंगळवार मोजून सांगायला लागली. दुपारी जेवणं झाल्यावर मी येते, दाराशी बसते, फारसं बोलत नाही, ती रडली की पाठीवरून हात फिरवते... मी तिच्या सासूला बाजूला घेऊन विचारलं. म्हातारीनं मलाच वेड्यात काढलं. म्हणाली, "तुमीच तं होत्या. चहा ठेवला का थंडा करून टाकता, अन् आता मलेच इचारून राह्यल्या?"

त्या चारपैकी एका मंगळवारी मी दिवसभर यवतमाळला प्रशिक्षणात होते. हजेरीपत्रकावर माझी सही आहे. मी ती जाऊन पाहूनही आले.

इथवर मनाची कशीबशी समजूत घालता आली असती. पण तपासणी झाल्यावर सोनालीनं माझा हात धरला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "ताई, तुमी तुमच्या रुतुजाचं सांगतलं नं, म्हनून मले बोलता आलं. मले वाटे, असी माय मी एकटीच हाय."

रुतुजा माझी मुलगी, आता एकोणीस वर्षांची, यवतमाळला हॉस्टेलवर राहून शिकते. तिच्या वेळी माझेही असेच हाल झाले होते, आणि नंतर कितीतरी दिवस मला तिच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. ती दोन महिन्यांची असताना एका दुपारी घरात कोणी नव्हतं. ती रडत होती. मी तिला खाटेवर ठेवलं, बाहेरून कडी लावली आणि वावराच्या बांधावर जाऊन बसले. परत जायचं नाही असं ठरवून. तासाभरानं गेले परत... पण ठरवलं होतं, हे खरं. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला सांगितलं नाही. सोनालीकडे पाऊल वळत नव्हतं ते याचमुळे.

मी तिला खरं सांगायला हवं होतं. मी नुसतं "हो" म्हणाले.

पुढे मी दर मंगळवारी गेले, अगदी न चुकता. पण स्वतःचं काही सांगणं मला जमेना. एकदा ती म्हणाली, ताई, तुम्ही पहिल्यासारखं बोलत नाही आताशा.

यवतमाळच्या मॅडमकडे ती चार वेळा जाऊन आली. बाळंतपणही यवतमाळलाच झालं, घाबरली पण दवाखान्यात टिकून राहिली, आणि रक्त फार गेलं नाही. दुसरीही मुलगीच झाली. मी वॉर्डात गेले तर बाळ कुशीत घेऊन पडली होती. मला पाहून हसली आणि विचारलं, "माह्यं बाळंतपन नीट झाल्यावर रुतुजाले सारं सांगीन, म्हनलं होतं तुमी. सांगतलं काय?"

असं मी कधीच म्हटलं नव्हतं. तरी म्हणाले, "सांगितलं." रुतुजाचं हॉस्टेल तिथून ऑटोनं दहा मिनिटांवर. मी बाहेर पडले आणि आर्णीची एसटी धरून सरळ घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुतुजाचा फोन आला. आवाज रडून बसलेला होता. म्हणाली, "आई, काल तू आली, सारं सांगतलं, ते बरं केलं. मले लहानपणापासून वाटे, तुले मी आवडत नाई. मी रागावली नाई तुयावर."

डॉक्टर मॅडमना मी यातलं काही बोललेले नाही. रजिस्टर, हजेरीपत्रक, एसटीचं तिकीट, सगळं पुन्हा पुन्हा पाहिलं. उलगडा होत नाही. माझ्या पोरीनं मला माफ केलं आहे. माफी मागायला मात्र मी गेलेच नव्हते, आणि त्या फोनवरही मी नुसतं "हो" म्हणाले.